कॅनोचा २४ नंबरचा टीशर्ट: फडकं करायचं की जपून ठेवायचा?

मिलिंद_एडिसन

रविवारी बेसमेंट आवरताना मुलाचा लहानपणीचा टीशर्ट सापडला. गडद निळा, पुढे न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमचं चिन्ह, मागे पांढऱ्या अक्षरांत कॅनो आणि खाली २४. दोनाचा आकडा मधोमध तडकलाय, गळ्यापाशी एक भोक पडलंय. बायको म्हणाली, छान मऊ झालाय, गाडी पुसायला फडकं होईल. मी म्हटलं थांब जरा. त्यावरून अर्धा तास वाद झाला आणि माझ्या डोक्यातून विषय जाईना म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॉबिन्सन कॅनो २००५ ते २०१३ यांकीजकडून सेकंड बेसला खेळला. डावखुरा बॅट्समन, आणि स्विंग इतका सहज की बॅट जड असते हेच विसरायला व्हायचं. डॉमिनिकन रिपब्लिकचा मुलगा, पण काही वर्षं आमच्या न्यूजर्सीतल्या न्यूअर्कलाच राहून शाळेत गेलेला. वडिलांनी जॅकी रॉबिन्सनवरून नाव ठेवलं. जॅकीचा ४२ नंबर सगळ्या लीगमध्ये बंद केलेला असल्याने याने तो उलटा करून २४ घेतला. २००९ ची वर्ल्ड सिरीज (लीगची फायनल) जिंकली तेव्हा शेवटचा बॉल याच्याच हातात आला होता, तिथून फर्स्ट बेसला टेशेराकडे फेकला आणि मॅच संपली.

२०१३ मध्ये मात्र आमच्या टीमला उतरती कळा लागलेली. जीटर घोट्याच्या दुखण्यामुळे वर्षभरात १७ मॅच खेळला, टेशेराचं मनगट गेलं, ग्रँडरसनचा हात मोडला, रॉड्रिगेझचं बंदी असलेल्या औषधांचं प्रकरण चालू. सप्टेंबरात जीटर आणि पेटिट दोघं चालत माउंडवर (बॉल टाकायच्या जागी) गेले आणि निवृत्त होणाऱ्या पिचर मारियानो रिव्हेराला शेवटचं बाहेर घेऊन आले, तो पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, ते आठवलं तरी अजून गळा दाटतो. त्या अख्ख्या वर्षात एकटा कॅनो रोज उभा होता. १६० मॅच, .३१४ ॲव्हरेज, २७ होम रन. आणि डिसेंबरात तोच गेला. फ्री एजंट म्हणून सिॲटल मरिनर्सकडे, १० वर्षांचे २४ कोटी डॉलर. यांकीजची ऑफर होती ७ वर्षांचे साडेसतरा कोटी.

मुलगा तेव्हा ९ वर्षांचा. जेवता जेवता उठला, टीशर्ट काढून कोपऱ्यात फेकला आणि रडत वर गेला. मी जाऊन त्याला सांगितलं, पैशासाठी गेला रे तो, सोडून दे. आता इतक्या वर्षांनी वाटतंय की मी त्याला चुकीचं सांगितलं. तुम्हाला काय वाटतं? चूक कोणाची होती?

नाना_ठाणेकर

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण लिहिलंय ते आवडलं. फ्री एजंट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच का काही? हातोडा पडला की त्या टीमचा?

सीए_शिरीष

नाना, जवळजवळ उलटं. लिलावात खेळाडू गप्प बसतो आणि मालक बोली लावतात. इथे मेजर लीगमध्ये ६ वर्षांची सर्व्हिस झाली आणि करार संपला की खेळाडू मोकळा. कोणाशीही बोलायचं, ज्याचं पटेल त्याच्याकडे जायचं. जुन्या टीमला 'आमच्याकडेच राहा' म्हणायचा हक्क नाही, फार तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वाटपात, एक जादा पिक मिळतो.

आणि हे कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. पूर्वी करारात रिझर्व्ह क्लॉज असायचा, म्हणजे टीम सोडत नाही तोवर तुम्ही जन्मभर तिचेच. १९६९ मध्ये सेंट लुइसने कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. हा गडी गेलाच नाही, कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला, करिअर त्यातच संपली. पण १९७५ च्या डिसेंबरात लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचर्सच्या बाजूने निकाल दिला आणि दार उघडलं. त्या दारातून सगळ्यात जास्त माल कोणी आत आणला? यांकीजनीच. १९७६ च्या हिवाळ्यात रेजी जॅक्सनसारखा स्टार आला आणि ७७, ७८ दोन्ही वर्षं जिंकले. तेव्हा दुसऱ्या गावची पोरं रडली असतील मिलिंदराव.

क्वीन्सचा_मेट्सवाला

शिरीषला +१००. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगणातले आंबे वेचायचे आणि आपल्या झाडाचा एक पडला की गावभर बोंब!! सोटो यांकीज सोडून आमच्या मेट्सकडे (न्यूयॉर्कचीच दुसरी टीम) १५ वर्षांचे ७६५ मिलियन घेऊन आला तेव्हाही ब्राँक्समध्ये, यांकीजच्या गल्लीत, हेच सूर. (मिलिंद, मुलाचं वाचून वाईट वाटलं, ते वेगळं.)

मिलिंद_एडिसन

@मेट्सवाला, सोटो एक वर्ष राहून गेला, त्याचं मला काही नाही. पाहुणा होता. कॅनो घरचा होता हो. २००१ मध्ये यांकीजनीच साइन केलेला, त्यांच्याच छोट्या लीगांतून वर आलेला.

दांडीगुल

घरचा होता तर फर्स्ट बेसपर्यंत धावायचं तरी. ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारला की चालायला निघाल्यासारखा निघायचा. त्याच्या स्वतःच्या बॅटिंग कोचने तो गेल्यावर जाहीर सांगितलं की सांगून सांगून थकलो, धावत नाही. आणि २०१२ चा पोस्टसीझन (प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी) विसरलात वाटतं. ४० पैकी ३ हिट. सलग २९ वेळा रिकाम्या हाताने परत! डेट्रॉइटने ४-० ने धुतलं आपल्याला. अशा माणसाला वयाच्या चाळिशीपर्यंत २४ मिलियन वर्षाला द्यायचे? यांकीजनी केलं ते शंभर टक्के बरोबर केलं.

पावसाळी_बेलव्ह्यू

इथून, सिॲटलजवळून, दुसऱ्या किनाऱ्याची बाजू मांडते.

आम्ही २०११ मध्ये इकडे आलो. नवरा आणि त्याचे ऑफिसातले दोघं-तिघं मरिनर्सच्या मॅचला जायचे, कारण तिकीट स्वस्त आणि पाय पसरून बसता यायचं, बाजूची खुर्ची रिकामीच. टीम २००१ नंतर प्लेऑफला गेलेली नव्हती. अशा गावाला यांकीजचा सगळ्यात मोठा खेळाडू स्वतःहून येतोय हेच कोणाला खरं वाटेना. प्रेस कॉन्फरन्समध्ये तो म्हणाला की यांकीजकडून मला मान मिळाला नाही असं वाटलं, तेव्हा न्यूयॉर्कचे पेपर तुटून पडले त्याच्यावर. १७५ मिलियनमध्ये मान दिसत नाही का, म्हणून. आम्हाला दिसलं ते एवढंच की हा माणूस इथे येऊन हसतोय, दाढी वाढवलीय (यांकीजमध्ये तेव्हा दाढी चालायची नाही), आणि २४ नंबर मागितलाच नाही, कारण इथे तो मरिनर्सच्या जुन्या हिरोचा, ग्रिफीचा. मुकाट २२ घेतला. मला तरी तो मान देणं जमणारा माणूस वाटला.

पहिल्याच वर्षी ८७ मॅच जिंकल्या, अवघ्या एका मॅचने प्लेऑफ हुकला. २०१६ मध्ये ३९ होम रन. इथल्या पाच वर्षांत १०७. दांडीगुल, धावण्याचं म्हणाल तर २००७ ते २०१३ तुमच्याकडे तो दरवर्षी १५९ किंवा त्याहून जास्त मॅच खेळला. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जपत धावला म्हणूनच रोज खेळला असं का नाही बघत?

मग २०१८ चा मे. ८० मॅचची बंदी, फ्युरोसेमाइड हे बंदी असलेलं औषध सापडलं म्हणून. त्या दिवशी नवरा ऑफिसातून आला तो बूट न काढता सोफ्यावर बसून राहिला. त्याबद्दल मी सफाई देणार नाही. पण पाच वर्षं आम्ही त्याचं नाव घेऊन ओरडलो, ते खोटं नव्हतं.

क्वीन्सचा_मेट्सवाला

आणि मग ते सगळं आमच्या गळ्यात! २०१८ च्या डिसेंबरात ट्रेडमध्ये कॅनो मेट्सकडे. सोबत एडविन डियाझसारखा पिचर आला हे खरं, पण आम्ही केलेनिकसारखा होतकरू पोरगा देऊन बसलो. २०२० च्या नोव्हेंबरात परत सापडला, या वेळी स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड, आख्खं २०२१ घरी. त्या वर्षाचा २४ मिलियन पगार कापला गेला. २०२२ च्या मेमध्ये मेट्सनी करार शिल्लक असताना सोडून दिला. यांकीजवाल्यांनो, तुम्ही वाचलात. पेढे वाटा.

दांडीगुल

तेच म्हणतोय मी केव्हापासून.

ऋता_जर्सीसिटी

मी २९ एप्रिल २०१४ ला स्टेडियममध्ये होते. कॅनो मरिनर्सकडून खेळायला इथे परत आला ती पहिली मॅच. ऑफिसातून निघून हेराल्ड स्क्वेअरला डी ट्रेन पकडली, डबा यांकीजच्या टोप्यांनी भरलेला, आणि सगळे आज कसं ओरडायचं याचीच चर्चा करत होते. एका काकांनी कॅनोच्या नावावर काळी चिकटपट्टी लावलेला टीशर्ट घातला होता.

आम्ही राइट फील्डच्या ब्लीचर्समध्ये (मागच्या बाकांवर) बसायचो. तिथे पहिल्या इनिंगमध्ये रोल कॉल असतो. आपल्या एकेका फील्डरच्या नावाचा घोष करायचा, तो वळून हात करेपर्यंत थांबायचं नाही, मग पुढचा. नऊ वर्षं त्या यादीत कॅनोचं नाव होतं. त्या दिवशी तो समोरच्या टीमच्या करड्या कपड्यात बॅट घेऊन आला आणि अख्ख्या स्टेडियममधून 'बूऽऽ'. मागून 'विकला गेलास' असा ठेका सुरू झाला. मीही ओरडले. जोरात ओरडले. त्याने हेल्मेट नीट केलं, पाय रोवले, आणि नेहमीसारखा उभा राहिला, बॅटची तीच हलकी झुलवणी. ते बघून माझा आवाज बसला तो बसलाच.

त्याच सुमारास टीव्हीवर जिमी फॅलनच्या कार्यक्रमात एक गंमत केली होती. रस्त्यावर कॅनोचं मोठं पोस्टर ठेवून लोकांना बू करायला सांगितलं, आणि मागून खरा कॅनो बाहेर! मग सगळे हात मिळवायला पुढे, वेलकम बॅक म्हणायला लागले. माणूस समोर आला की राग टिकत नाही, पोस्टरवर टिकतो.

मिलिंददादा, फडकं करू नका.

नाना_ठाणेकर

ऋता, सुरेख लिहिलंयस. माझा एक बाळबोध प्रश्न. साडेसतरा कोटी डॉलर मिळत असताना 'मान मिळाला नाही' हे लग्नातल्या मानपानासारखं झालं की. आहेराची साडी भारीच असते, पण विहिणीला जास्त भारी दिली हे कळलं की रुसवा सुरू. इथे कोणाला जास्त भारी साडी मिळाली होती का?

सीए_शिरीष

नाना, बेसबॉल कळत नाही म्हणता आणि नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत!

मिळाली होती. आणि माझा यांकीजवरचा सगळा राग तोच आहे. कॅनोचा निर्णय व्हायच्या दोन-तीन दिवस आधी यांकीजनी जकोबी एल्सबरीला ७ वर्षांचे १५३ मिलियन कबूल केले. एल्सबरी कोण? बॉस्टन रेड सॉक्सचा. म्हणजे हाडवैऱ्याकडचा, वारंवार दुखापती झालेला, अख्ख्या करिअरमध्ये एकच वर्ष होम रनचं. मॅकेनला ५ वर्षांचे ८५. कॅनो गेल्याच्याच दिवशी बेल्ट्रानला ३ वर्षांचे ४५, आणि जानेवारीत जपानहून तानाकाला ७ वर्षांचे १५५. वर त्याच्या जपानी टीमला द्यायची पोस्टिंग फी २० वेगळी. मालक हल स्टाइनब्रेनरना २०१४ चा पगाराचा आकडा १८९ मिलियनच्या आत ठेवायचा होता, कारण त्याच्या वर गेलं की लीगचा लक्झरी टॅक्स, आणि यांकीज दरवर्षी भरत असल्याने त्यांना दर ५० टक्के. कागदावर हिशोब बरोबर होता. पण मग तो पाळायचा तरी. तोही पाळला नाही, टॅक्स भरलाच! घरच्या मुलाला 'बजेट नाही' सांगितलं आणि पाहुण्यांसाठी कपाट उघडलं.

एल्सबरीचं काय झालं? २०१७ नंतर एकही मॅच खेळला नाही. २०१८ नाही, २०१९ नाही, शेवटी सोडून दिला. आणि सेकंड बेसला २०१४ मध्ये ब्रायन रॉबर्ट्स, तोही ऑगस्टमध्ये गेला. त्या वर्षी ८४ विजय, परत प्लेऑफ नाही.

दांडीगुल, दहा वर्षं देणं वेडेपणा होता हे मला मान्य आहे. रॉड्रिगेझच्या २७५ मिलियनने हात पोळलेले होते. पण कॅनोने आधी काय केलं तेही धरा. २००८ मध्ये ४ वर्षांचा ३० मिलियनचा करार केला, वर दोन वर्षं टीमच्या मर्जीवर, १४ आणि १५ मिलियन. म्हणजे फॉर्मातली सहा वर्षं बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात दिली. फ्री एजन्सी त्याला ३१व्या वर्षी पहिल्यांदा मिळाली. आयुष्यात एकदाच.

दांडीगुल

एल्सबरीचं मान्य. त्याची बाजू मी काय कोणीच घेणार नाही.
पण एक चूक केली म्हणून दुसरी करायची का?

नाव_नको_राव

रोमात (नुसता वाचत) होतो, पण शिरीष यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

मी एका कंपनीत १४ वर्षं होतो (नाव लिहीत नाही). प्लँट बंद पडायच्या बेतात असताना रात्री-अपरात्री मशीनवर उभे राहून चालू ठेवला आम्ही चार जणांनी. पगारवाढीच्या वेळी दरवर्षी "यंदा परिस्थिती कठीण आहे". मग एका मार्चमध्ये बाहेरून एक जण आणला, माझ्या दीडपट पगारावर, आणि त्याला काम शिकवायला माझ्याकडे बसवला. मी राजीनामा दिला तेव्हा साहेब म्हणाले, पैशासाठी जाताय. मी म्हटलं हो साहेब. दुसरं काय सांगणार होतो? आतलं सगळं 'पैसा' या एकाच शब्दात बसतं, कारण तेवढाच शब्द समोरच्याला कळतो. मिलिंद, तुमच्या मुलाला तुम्ही खोटं नाही सांगितलंत, अर्धं सांगितलंत.

मिलिंद_एडिसन

राव, हे वाचून थोडा वेळ नुसता बसलो. धन्यवाद.

संत्रानगरी

अवांतर होईल पण लिहितोच. असं आपल्याकडेही झालंय. वसीम जाफर! मुंबईसारखी रणजीची महासत्ता सोडून २०१५ मध्ये आमच्या विदर्भाकडे आला. तेव्हा मुंबईकर म्हणाले, संपलाय आता. मुंबई त्या मोसमात जिंकलीसुद्धा. मग काय झालं बघा. २०१७-१८ मध्ये विदर्भ पहिल्यांदा रणजी चॅम्पियन, पुढल्या वर्षी परत चॅम्पियन, आणि त्या दुसऱ्या वर्षी चाळिशीतल्या जाफरच्या हजारावर धावा. नागपूरच्या जामठ्याला स्टेडियममध्ये बसून बघितलंय बाप्पा आम्ही. तो उभा राहिला की वाटायचं आता घाई कशाची.

नाना_ठाणेकर

संत्रानगरी, मुंबईचा नोकरदार प्रेक्षक म्हणून तेव्हा हळहळलो होतो, पण जाफरला विदर्भाच्या टोपीत बघून राग कधी आला नाही. का कोण जाणे.

पावसाळी_बेलव्ह्यू

नाना, कारण तो जिंकला. आमच्या कॅनोला ते सुख मिळालं नाही. मरिनर्स शेवटी प्लेऑफला गेले ते २०२२ मध्ये, २१ वर्षांनी. तेव्हा तो कुठेच नव्हता.

क्वीन्सचा_मेट्सवाला

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. जे-झी! २०१३ च्या एप्रिलमध्ये कॅनोने आपला एजंट स्कॉट बोरसला सोडून रॅपर जे-झीची नवी एजन्सी धरली. न्यूयॉर्कमध्ये सगळे म्हणाले, झालं, जो माणूस जन्मभर यांकीजची टोपी घालून फिरला तो याला ब्राँक्सबाहेर जाऊ देणारच नाही. आणि त्याने पहिल्याच मोठ्या सौद्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पोचवला 😀

सीए_शिरीष

आणि सिॲटलच्या वॉशिंग्टन राज्यात तेव्हा इन्कम टॅक्स नव्हता. न्यूयॉर्कमध्ये राज्याचा वेगळा, शहरात राहिलात तर शहराचाही. बाहेरगावच्या मॅचचा कर त्या त्या राज्यात भरावा लागतो, पण ८१ होम गेम्स बिनकराच्या. एजंट हे सगळं मांडतातच.

ऋता_जर्सीसिटी

मंडळी, करावर जाऊ नका, धागा पळून जाईल.

मला टीशर्टबद्दलच एक सांगायचंय. यांकीजच्या खऱ्या जर्सीवर मागे खेळाडूचं नाव नसतं, फक्त नंबर. टीम मोठी, माणूस येतो-जातो अशी त्यांची पद्धत. पण दुकानात मुलांसाठी टीशर्ट विकताना मात्र त्यावर नाव छापून विकतात. मुलाला टीमने नाव विकलं, मग मुलगा नावासाठी रडला तर त्याचं काय चुकलं? नंतर तोच २४ गॅरी सांचेझने घातला, तोही गेला.

दांडीगुल

ऋता, हा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता. माझ्या पुतणीला यांकीजच्या ॲरन जजचा ९९ मीच आणून दिलाय मागच्या वाढदिवसाला. नावासकट.

मिलिंद_एडिसन

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि काल रात्री मुलाला फोन केला. आता २१ वर्षांचा आहे, कॉलेजला. विचारलं, आठवतं का रे कॅनोचं. म्हणाला, "बाबा, मी तो गेला म्हणून नव्हतो रडलो. तुम्ही वर येऊन म्हणालात ना, पैशासाठी गेला, तेव्हा जास्त रडू आलं. मला वाटलं त्याला आपण आवडतच नव्हतो." मी गप्प. मग मी त्याला एल्सबरीचं सांगितलं, २००८ च्या कराराचं सांगितलं, नाव_नको यांचंही सांगितलं. त्याला बरंचसं आधीच माहीत होतं, स्टॅनोझोलॉलसकट. म्हणाला, औषध घेतलं ते चूकच, पण सिॲटलला गेला ते बरोबर केलं, मी असतो तर मीही गेलो असतो.

तर माझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: दहा वर्षं नाकारली ती यांकीजची चूक नाही. त्याच आठवड्यात एल्सबरीला दिले ती चूक. आणि कॅनोची चूक जाण्यात नाही, २०१८ आणि २०२० मध्ये आहे. २,६३९ हिट आणि ३३५ होम रन असलेला सेकंड बेसमन, त्याचं नाव हॉल ऑफ फेमच्या चर्चेत ताठ मानेने यायला हवं होतं.

टीशर्ट थँक्सगिव्हिंगला येईल तेव्हा घेऊन जातो म्हणालाय. बायको म्हणते मग निदान धुऊन इस्त्री तरी कर. ते तडकलेलं प्रिंट इस्त्रीने आणखी जाईल का?

पावसाळी_बेलव्ह्यू

ड्रायरमध्ये अजिबात टाकू नका. हाताने धुवा, गार पाण्यात, सावलीत वाळत घाला.

ऋता_जर्सीसिटी

उलटा करून इस्त्री करा दादा, वर सुती पंचा टाकून, आणि नंबरावर दाबून ठेवू नका. भोक राहू दे तसंच.